जर्मनीतले पहिले सहा आठवडे : कोणता कागद आधी, कोणता नंतर

जर्मनीत शिकायला आलेली मुलं पहिल्या महिन्यात थकतात ती अभ्यासामुळे क्वचितच. त्यांना दमवतो कागदांचा क्रम. बँक म्हणते, पत्त्याची नोंद दाखवा. नोंद करायला गेलं की घरमालकाच्या सहीचा फॉर्म मागतात. ब्लॉक्ड अकाउंटमधले, म्हणजे व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या आणि दरमहा ठरावीक रक्कमच देणाऱ्या खात्यातले, स्वतःचेच पैसे हवे असतील तर आधी जर्मन बँकेत खातं लागतं. आणि राहण्याचा परवाना हवा असेल तर हे सगळं एकत्र जोडून द्यावं लागतं.

२०२३-२४च्या हिवाळी सत्रात जर्मन विद्यापीठांत ४९,४८३ भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांत ही संख्या सर्वांत मोठी. त्यामुळे माहितीला तोटा नाही, व्हॉट्सअॅपच्या गटांवर ती दिवसभर येत असते. पण त्यातली कोणती गोष्ट आज करायची आणि कोणती तीन आठवड्यांनी, हे तिथे कळत नाही. म्हणून इथे सगळं क्रमाने मांडलं आहे.

निघण्यापूर्वी

सगळी मूळ कागदपत्रं केबिन बॅगेत ठेवा. चेक-इन बॅग उशिरा येऊ शकते आणि विमानतळावरचा अधिकारी प्रवेशपत्र मागू शकतो. पासपोर्ट, व्हिसा, विद्यापीठाचं प्रवेशपत्र, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, आरोग्यविम्याचं पत्र, एपीएस प्रमाणपत्र (भारतातल्या शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचं), मूळ गुणपत्रिका, जन्मदाखला आणि जागेचा करार एका फाइलमध्ये लावा. त्यांचे स्कॅन फोनवर ठेवा आणि घरी आई-वडिलांकडेही पाठवा.

आपल्याकडच्या नावांची एक खास अडचण इथे सांगायलाच हवी. आपल्या अनेकांच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचंही नाव असतं. जर्मन कार्यालयात ते तुमचंच दुसरं नाव धरलं जातं. त्यात चूक काही नाही, पण मग विद्यापीठ, विमा, बँक, भाडेकरार अशा सगळ्या ठिकाणी नाव अक्षरशः पासपोर्टवर आहे तसंच लिहा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्या फरकानेही अर्ज अडकतात.

पैशांचा हिशेब असा आहे. १ सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो लागतात, आणि त्यातून दरमहा ९९२ युरो मिळतात. पण पहिला हप्ता हाती यायला काही आठवडे जातात. त्याच काळात पहिलं भाडं, अनामत, विमा, भांडी, गादी असे सगळे मोठे खर्च येतात. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या कोऱ्या भाड्याइतकी असू शकते. कोरं भाडं म्हणजे हीटिंग आणि पाण्याचा खर्च धरण्याआधीची रक्कम. ही अनामत तीन समान हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे, पण हा हक्क अनेकांना माहीत नसतो. निदान सहा आठवडे ब्लॉक्ड अकाउंटकडे न पाहता काढता येतील, एवढी सोय फॉरेक्स कार्डावर ठेवा. तीन-चारशे युरो रोख जवळ असू द्या. लहान बेकऱ्या आणि काही दुकानं आजही कार्ड घेत नाहीत.

सामानाबद्दल थोडक्यात. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी यांचा मोह आवरा. कढीपत्त्याचा जुडगाही नियमात बसत नाही. गोडा मसाला, मेतकूट, पापड, सुकी चटणी, कुळथाचं पीठ खुशाल आणा. तुपासाठी इथल्या कोणत्याही सुपरमार्केटात ‘बुटरश्माल्त्स’ मिळतं. ते लोणी कढवूनच केलेलं असतं आणि वरणभातावर चांगलं लागतं. कुकर आणणार असाल तर स्टीलचा आणि इंडक्शनवर चालणाराच आणा. अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनच्या शेगडीवर तापतच नाही.

पोहोचण्याचा दिवस

तिकीट काढताना शनिवार संध्याकाळ आणि रविवार टाळा. होस्टेलची किल्ली देणारा केअरटेकर ठरावीक दिवशी, ठरावीक वेळातच भेटतो, आणि रविवारी दुकानं बंद असतात. रविवारीच उतरावं लागलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं उघडी असतात, तिथून ब्रेड, दूध, फळं घ्या. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं. होस्टेलचा करार बहुधा महिन्याच्या १ तारखेला सुरू होतो. २८ सप्टेंबरला उतरणाऱ्याने मधल्या रात्रींची सोय आधीच करून ठेवावी.

खोली ताब्यात घेताना भिंती, फरशी, खिडक्या, गादी, शेगडी यांचे फोटो काढा. आधीपासून असलेला ओरखडा आणि डाग हस्तांतरणाच्या कागदावर नोंदवून घ्या. दोन वर्षांनी अनामत परत मिळताना हाच कागद कामी येतो.

त्यानंतर लगेच टपालपेटीवर आपलं आडनाव लावा. या लेखातली एकच गोष्ट करायची झाली तर ही करा. जर्मनीत बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, टॅक्स नंबर, परवान्याच्या अपॉइंटमेंटचं पत्र असं जवळजवळ सगळं टपालाने येतं, आणि पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. कोणी फोन करून विचारत नाही. महिनाभर कार्डाची वाट पाहिल्यावर ते दोनदा परत गेल्याचं कळतं. दुसऱ्याच्या घरी पोटभाडेकरू असाल तर त्याच्या नावाखाली तुमचं आडनाव चिकटवायला सांगा. कागदाची चिठ्ठी आणि चिकटपट्टीही चालते.

सिमकार्ड प्रीपेड घ्या. आल्डी, लिडल अशा सुपरमार्केटांची आणि इतर कंपन्यांची स्वस्त कार्डं मिळतात. चालू होण्याआधी पासपोर्टची पडताळणी होते. पहिल्या आठवड्यात फोन दुकानात २४ महिन्यांच्या करारावर सही करू नका, कितीही चांगला फोन हाती ठेवला तरी. भारतातलं सिम रिचार्ज करून चालू ठेवा. बँकेचे ओटीपी त्यावरच येतात.

जागा अजून मिळाली नसेल तर

होस्टेलसाठी त्या शहराच्या श्टुडिएरेंडेनवेर्ककडे, म्हणजे विद्यार्थी-सेवा संस्थेकडे, प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच अर्ज टाका. म्युनिक, बर्लिन, हाम्बुर्ग, फ्रँकफर्टला रांग लांब असते. तोवर बरीच मुलं ‘वेगे’मध्ये राहतात. चौघा-पाचजणांनी वाटून घेतलेला फ्लॅट, प्रत्येकाची खोली वेगळी, स्वयंपाकघर सामाईक. तिथे खोली देण्याआधी राहणारे तुमच्याशी गप्पा मारतात, काय शिकता, काय आवडतं ते विचारतात. त्या गप्पांतूनच खोली कुणाला द्यायची ते ठरतं, त्यामुळे अर्जात दोन ओळींचा ठरावीक मजकूर न टाकता त्यांची जाहिरात वाचून उत्तर लिहा. जमेल तेवढं जर्मनमध्ये लिहा.

फसवणूक इथेही आहे आणि तिचा साचा ठरलेला आहे. मालक सध्या परदेशात आहे, खोली सुंदर आहे, भाडं बाजारापेक्षा कमी आहे, अनामत भरा म्हणजे किल्ली कुरिअरने येईल. असा मेल आला की संवाद तिथेच थांबवा. खोली स्वतः किंवा शहरातल्या ओळखीच्या माणसाने पाहिल्याशिवाय आणि करार हाती आल्याशिवाय एक युरोही पाठवू नका.

जागा घेताना एक प्रश्न सगळ्यात आधी विचारा : इथे पत्त्याची नोंद करता येईल का? ‘नोंद नाही’ असं सांगून स्वस्तात दिलेली खोली परदेशी विद्यार्थ्याला परवडत नाही. पुढचं सगळं त्या नोंदीवरच अवलंबून असतं.

पत्त्याची नोंद : आनमेल्डुंग

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ही नोंद करणं कायद्याने बंधनकारक आहे. ती नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात, ब्युर्गरआम्टमध्ये होते. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते. मोठ्या शहरांत अनेकदा दोन आठवड्यांत वेळ मिळत नाही. तरी घाबरू नका, मिळेल ती पहिली वेळ घ्या आणि बुकिंगचा मेल जपा. तुम्ही मुदतीत प्रयत्न केला होता हे त्यावरून दिसतं. रद्द झालेल्या वेळा पहाटे-सकाळी संकेतस्थळावर येतात, त्यामुळे रोज सकाळी एकदा पाहत जा. भारतात असतानाच वेळ घेऊन ठेवली तर उत्तम.

बरोबर पासपोर्ट, भरलेला फॉर्म आणि घर देणाऱ्याच्या सहीचं पत्र न्या. या पत्राला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ म्हणतात. भाडेकरार दाखवून काम होत नाही, हेच पत्र लागतं. मूळ भाडेकरूने तुम्हाला खोली दिली असेल तर तोही त्यावर सही करू शकतो. नोंद झाली की तिथल्या तिथे प्रमाणपत्र मिळतं. त्याचे स्कॅन लगेच करून ठेवा.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. वसईहून किंवा गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांनी त्याचा परिणाम समजून घ्यावा. कॅथलिक किंवा प्रोटेस्टंट म्हणून नोंद झाली की पुढे पगारावर आयकर बसू लागल्यावर त्या कराच्या ८ किंवा ९ टक्के चर्च करही कापला जातो. बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्गमध्ये दर ८ टक्के आहे, इतर राज्यांत ९.

नोंदीनंतर दोन-तीन आठवड्यांत ११ अंकी टॅक्स नंबर टपालाने येतो. तो आयुष्यभर तोच राहतो. थोड्या दिवसांनी रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, दरमहा १८.३६ युरो. घरात टीव्ही नसला तरी ते लागू होतं. ते माणशी नसून घरामागे एक असतं. तुमच्या वेगेतलं कोणी आधीच भरत असेल तर त्याचा शुल्क-क्रमांक कळवा आणि खर्च वाटून घ्या. पत्र बाजूला ठेवून दिलं तर थकबाकी साचत जाते.

बँक, आणि मग अडकलेले पैसे

नोंदीचं प्रमाणपत्र हाती आलं की चालू खातं उघडा. श्पारकासेसारखी शाखा असलेली बँक किंवा फोनवर चालणारी बँक, दोन्ही चालतात. मला सुरुवातीला शाखा असलेली बँक बरी वाटते, कारण काही ऑनलाइन बँकांची व्हिडिओवरची ओळख पडताळणी भारतीय पासपोर्टवर पूर्ण होत नाही, आणि अडलं तर काउंटरवर माणूस भेटतो. विद्यार्थ्यांसाठी खातं फुकट असतं का, ते विचारा.

खात्याचा आयबॅन क्रमांक मिळाला की ब्लॉक्ड अकाउंटच्या कंपनीच्या पोर्टलवर तो, नोंदीचं प्रमाणपत्र आणि पासपोर्ट चढवा. मग दरमहाची रक्कम तुमच्या चालू खात्यात येऊ लागते. भाडं, विमा, फोन हे सगळं इथे खात्यातून थेट वळतं करून घेतलं जातं. खात्यात पैसे नसताना वळतं परतलं तर दंड लागतो आणि पतनोंदीवरही डाग पडण्याची भीती असते. भाड्याच्या तारखेआधी हप्ता जमा होतो ना, ते पहिल्या दोन महिन्यांत तपासत राहा.

विमा

तीस वर्षांच्या आतल्या विद्यार्थ्याने सरकारी आरोग्यविमा घ्यावा, असं मी ठामपणे सांगेन. टीके, एओके, बार्मर, डीएके या विमा कंपन्यांपैकी कोणाचाही. महिन्याला साधारण १४० ते १५० युरो पडतात. खाजगी विमा स्वस्त दिसतो, पण त्यासाठी सरकारी विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत येता येत नाही. मोठं आजारपण आल्यावर हा निर्णय फार महाग पडतो. तिशी ओलांडलेल्यांना विद्यार्थ्यांचा दर मिळत नाही, त्यांनी निघण्याआधीच पर्याय तपासावेत.

सरकारी विमा बहुधा सत्राच्या पहिल्या दिवसापासून लागू होतो. त्याआधी पोहोचत असाल तर मधल्या दिवसांसाठी प्रवासविमा हवाच. विमा कंपनी तुमची माहिती विद्यापीठाला थेट पाठवते, तुम्ही फक्त प्रवेश क्रमांक कळवायचा.

याखेरीज वैयक्तिक दायित्वविमा घ्या. वर्षाला पन्नासेक युरोत मिळतो आणि दुसऱ्याचं नुकसान झालं तर तो भरून देतो. त्यात किल्ली हरवल्याची तरतूद आहे ना, हे वाचून घ्या. होस्टेलची किल्ली हरवली तर कधी कधी पूर्ण इमारतीची कुलूपव्यवस्था बदलावी लागते आणि बिल हजारोंत जातं. इथली दारं ओढली की आपोआप बंद होतात, बाहेरून मूठ फिरत नाही. कचरा टाकायला जातानाही किल्ली खिशात हवी. रविवारी रात्री कुलूपवाल्याला बोलावलं तर शेकड्यांनी युरो मोजावे लागतात, म्हणून जादा किल्ली वर्गातल्या विश्वासू मित्राकडे ठेवा.

विद्यापीठात

हिवाळी सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं, पण विद्यापीठांतले तास बहुधा ऑक्टोबरच्या मध्यावर. आधीच्या दोन आठवड्यांत ओळख-कार्यक्रम असतात. ते बुडवू नका. प्राध्यापक सांगत नाहीत ते वरच्या वर्गातली मुलं तिथे सांगतात : कोणता विषय पहिल्या सत्रात घ्यावा, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे मिळतात, कोणत्या प्रयोगशाळेत जागा लवकर भरतात.

प्रवेश पक्का करताना सत्रशुल्क भरावं लागतं, बहुतेक ठिकाणी १०० ते ४०० युरोंच्या दरम्यान. बाडेन-व्युर्टेम्बेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो शिकवणी शुल्क आहे. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४-२५च्या हिवाळी सत्रापासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांना शुल्क लावलं आहे. अनेक विद्यापीठांच्या सत्रशुल्कात देशभर चालणारा प्रवासपास येतो. त्यावर लोकल, मेट्रो, ट्राम, बस आणि प्रादेशिक गाड्या चालतात. आयसीई आणि आयसी या वेगवान गाड्या मात्र नाहीत. विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड आहे आणि ‘नवीन आहे’ हे कारण चालत नाही.

वेळापत्रकात ‘१० सी.टी.’ लिहिलं असेल तर तास १०.१५ला सुरू होतो, ‘१० एस.टी.’ असेल तर बरोबर १०ला. तास संपल्यावर सगळे बाकावर बोटांनी टकटक करतात, ती टाळ्यांऐवजी दिलेली दाद असते.

सगळ्यात महत्त्वाचा फरक परीक्षेचा. विषय घेतला आणि तासांना बसलात म्हणून परीक्षेला बसता येतं असं नाही. परीक्षेसाठी ऑनलाइन नोंदणी वेगळी करावी लागते, तिला ठरावीक मुदत असते, आणि मुदत चुकली की ते सत्र गेलं. श्रेणी उलट्या आहेत : १.० सर्वोत्तम, ४.० काठावर उत्तीर्ण, ५.० नापास. एका परीक्षेला किती वेळा बसता येतं तेही ठरलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी तीनदा. शेवटचा प्रयत्न हुकला तर प्रवेश रद्द होतो आणि त्याचा परिणाम राहण्याच्या परवान्यावर होतो. आपल्याकडच्या एटीकेटीच्या सवयीने इथे पहिल्याच सत्रात सात-आठ विषय घेणारी हुशार मुलं अडचणीत येतात. एका सत्राचा पूर्ण भार ३० क्रेडिटचा असतो. पहिल्या सत्रात त्याहून थोडं कमी घेतलं तरी काही बिघडत नाही. अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली पहिल्याच आठवड्यात वाचा, जर्मनमध्ये असेल तर भाषांतर करून वाचा.

राहण्याचा परवाना

व्हिसाची शेवटची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका आणि तिच्या तीन महिने आधीची आठवणही लावा. परदेशी नागरिक कार्यालयात परवान्याचा अर्ज व्हिसा संपण्यापूर्वी पोहोचलाच पाहिजे. अपॉइंटमेंट नंतरची मिळाली तरी चालते, अर्ज आधीचा हवा. निर्णय व्हायच्या आत व्हिसा संपला तर मधल्या काळासाठी ‘फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग’ हा कागद मागून घ्या. अर्जाला पासपोर्ट, पत्त्याची नोंद, प्रवेशाचा दाखला, विम्याचं पत्र, पैशांचा पुरावा आणि भाडेकरार लागतात. शुल्क १०० युरोंच्या आसपास असतं. मे २०२५ पासून कागदी फोटो घेत नाहीत. प्रमाणित स्टुडिओत किंवा कार्यालयातल्या यंत्रावर डिजिटल फोटो काढावा लागतो. कार्यालयाशी सगळा व्यवहार मेलने करा आणि जर्मनमध्ये करा. भाषांतराच्या अॅपने लिहिलेलं साधं जर्मनही चालतं, आणि मेल पुरावा म्हणून राहतो.

काम

१ मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. विद्यापीठातल्या सहायकाच्या कामाचे, ज्याला सगळे ‘हीवी’ म्हणतात, दिवस यात मोजत नाहीत, म्हणून आधी ते शोधा. किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे. त्याहून कमी देणारा, रोख देणारा किंवा करार न देणारा मालक टाळा. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून बिल देऊन केलेलं काम विद्यार्थी परवान्यावर आपोआप चालत नाही, त्यासाठी वेगळी परवानगी लागते. डिलिव्हरीच्या कामात मधला कंत्राटदार असंच बिल करायला सांगतो, तेव्हा सावध राहा. माझ्या मते पहिले सहा आठवडे कामच धरू नका. तो वेळ जर्मनला द्या. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मनची बी-वन पातळी झालेल्यालाही इथल्या बोलीची सवय व्हायला वेळ लागतो, आणि विद्यापीठांचे भाषावर्ग बहुधा फुकट किंवा अगदी स्वस्त असतात.

घर, कचरा, आजारपण

कचरा वेगवेगळ्या डब्यांत जातो : कागद, ओला कचरा, प्लास्टिक-धातूचं वेष्टन आणि उरलेला. काचेच्या बरण्या रस्त्यावरच्या डब्यात रंगाप्रमाणे टाकतात, पण रविवारी नाही, आवाज होतो म्हणून. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, ती सुपरमार्केटातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते. रात्री १० नंतर शांतता पाळतात. मिक्सर आणि वॉशिंग मशीन त्याआधी चालवा.

भाजीसाठी तुर्की दुकान शोधा. कोथिंबीर, मिरच्या, भेंडी, डाळी सुपरमार्केटपेक्षा स्वस्त मिळतात, आणि तिथलं १० टक्के स्निग्धांशाचं दही आपल्या घरच्या दह्याच्या जवळ जातं. फोडणी करताना खिडकी उघडा. एरवीही, थंडीतसुद्धा, दिवसातून दोन-तीनदा पाच मिनिटं खिडक्या पूर्ण उघडाव्या लागतात, नाहीतर भिंतींवर बुरशी धरते आणि तिचा खर्च तुमच्या अनामतीतून कापला जातो.

तब्येत ठीक असतानाच घराजवळचा फॅमिली डॉक्टर शोधून नाव नोंदवा. दवाखाने बंद असताना, पण जिवावरचं नसेल, तेव्हा ११६११७ वर फोन करा. जीव धोक्यात असेल तर ११२. पोलिसांसाठी ११०. हे नंबर घरच्यांनाही देऊन ठेवा, पण फोन तुम्हालाच किंवा शेजाऱ्यालाच लावावा लागेल, म्हणून शेजाऱ्याशी ओळख करून घ्या.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. भारत साडेतीनऐवजी साडेचार तास पुढे होतो आणि डिसेंबरात दुपारी साडेचारलाच अंधारतं. या काळात अनेकांचं मन खचतं. जेवण एकट्याने खोलीत न करता दुपारी मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, वर्गातल्यांबरोबर करा. खेळांचे वर्ग विद्यापीठात नाममात्र शुल्कात असतात, पण जागा सत्र सुरू होतानाच भरतात. झोप, भूक किंवा अभ्यास दोन-तीन आठवडे बिघडलेला राहिला तर विद्यार्थी-सेवा संस्थेच्या समुपदेशकाची वेळ घ्या. ती सेवा बहुधा मोफत असते आणि बऱ्याच ठिकाणी इंग्रजीतही मिळते.

नोव्हेंबर लागला की विद्यापीठाच्या पोर्टलवर परीक्षा-नोंदणीची मुदत पाहा. पुढच्या सत्राचं शुल्क भरण्याची तारीखही तिथेच असते, बहुधा जानेवारी-फेब्रुवारीत. दोन्ही तारखा व्हिसाच्या तारखेशेजारी त्याच कॅलेंडरमध्ये टाका.